चौथ्या नळीतलं ऊन

दत्ताराम साटमने आयुष्यातली चौतीस वर्षं लाल दिव्याखाली काढली होती. मुलुंडला स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत तो फोटो धुवायचा. पुढे काउंटरवर मालक बसत, मधल्या खोलीत स्टुलावर बसवून लोकांचे फोटो काढत, आणि सगळ्यात मागे, काळ्या पडद्याआड, दत्तारामची खोली. ट्रेमधल्या पाण्यात कोरा कागद सोडायचा आणि वाट बघायची. आधी डोळे यायचे. मग मुंडावळ्या. मग हळूहळू बाकीचं लग्न. किती हजार माणसं अशी पाण्यातून वर येताना त्याने पाहिली, त्याची त्यालाच गणती नव्हती.

मग कॅमेऱ्यातून रीळ गेलं, मागोमाग कागद गेला, आणि एके दिवशी स्टुडिओही गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुलगा नितेश लग्नानंतर चेंबूरला राहायला गेला. घरात दत्ताराम आणि त्याची बायको सुलक्षणा, दोघंच. दत्ताराम दुपारी पडदे ओढून बसायचा. झोपायचा नाही, नुसता बसायचा. सुलक्षणा येऊन पडदे सारायची आणि म्हणायची, "उजेडाचा काय वावडा आसा तुमका?" दोघं मूळची कणकवलीकडची, घरात बोलणं मालवणीतच.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ऋता देवस्थळी त्यांच्याकडे आली. मागच्या गल्लीत राहणाऱ्या देवस्थळ्यांची ही मुलगी. तिचा पालथी पडल्याचा फोटो दत्तारामनेच धुतला होता. आता चाळिशीची झाली होती, कांजूरमार्गच्या एका संशोधन संस्थेत होती, मातीचं वय सांगायची.

"काका, तुम्हाला अजून अंधारात काम करता येईल का?" चहा हातात घेता घेताच तिने विचारलं.

"माणूस विसरतो का ते?"

"मला माणूस हवाय. दोन मुलं येऊन गेली. एकाला लाल उजेडात चक्कर यायची आणि दुसरा दर दहा मिनिटांनी मोबाइल काढायचा. सगळी वाट लावली त्याने."

मग तिने काम सांगितलं. दिंडोशीच्या मागे, जंगलाच्या कडेला डोंगराच्या उतारावर काही खड्डे सापडले होते. तिथल्या काळ्या कातळात एक लालसर, काचेसारख्या दगडाचा पट्टा आहे. फोडला की सुरीसारखी धार येते. फार पूर्वी, धातू कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, माणसांनी तो दगड काढण्यासाठी डोंगर खणला होता. ती त्यांची खाण. प्रश्न एवढाच होता, की कधी?

"दगडाला विचारून काही कळत नाही," ऋता म्हणाली. "दगड कोट्यवधी वर्षांचा. तो कुणी केव्हा उचलला, हे त्याच्या गावीही नसतं. पण खड्ड्यात माती परत पडते ना, ती सांगते. जमिनीच्या पोटात फार मंद किरण असतात. गाडलेले मातीचे कण ते साठवत बसतात, वर्षानुवर्षं. आणि एकदा का उन्हात आले, की एक-दोन मिनिटांत सगळं सांडून मोकळे. पुन्हा गाडले गेले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे कणात किती साठलंय ते मोजलं, की त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं."

दत्तारामने चहा संपवला. मग म्हणाला, "म्हणजे फोटोच्या कागदाचं उलटं. कागद उजेड धरतो. हा अंधार धरतो."

ऋताने कप खाली ठेवला. "सोमवारी येता?"

संस्था एलबीएस रोडच्या आत होती. मुलुंडहून बसने सरळ. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास खिडकीतून आत यायचा, पण ऋताच्या खोलीला खिडकीच नव्हती. बाहेरचं दार, मग दोन पावलांचा काळोखा बोळ, मग आतलं दार. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत लाल दिवा. दत्ताराम आत शिरला, दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "हा दिवा खोटं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने घरून जुन्या फोटोच्या कागदाचं पाकीट आणलं. एक कागद दिव्याखाली ठेवला, त्यावर घराची चावी ठेवली, आणि अर्ध्या तासाने कागद धुतला. कागदावर चावीची फिकट पांढरी आकृती उमटली. भोवतीचा भाग करडा झाला होता. म्हणजे दिव्यातून नको तो उजेड गळत होता. ऋताने त्याच दिवशी दिवा बदलला, आणि त्या दिवसापासून दत्ताराम त्या खोलीचा माणूस झाला.

फेब्रुवारीत ती दोघं दिंडोशीला गेली. वसाहतीच्या शेवटच्या इमारती मागे पडल्या, डांबर संपलं, आणि सुकलेल्या गवतातून पायवाट वर चढत गेली. खड्डे पाहून दत्तारामची जरा निराशाच झाली. चार खळगे, पुरुषभर खोल, कडा झिजलेल्या. ऋताच्या लोकांनी त्यातली माती एका बाजूने सरळ कापून ठेवली होती, केकसारखी. त्या कापात लाल दगडाच्या कपच्या रचून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. ऋताने एक कपची त्याच्या हातावर ठेवली. नखाएवढी पातळ, कडेने चिरेल अशी.

"हा केर आहे," ती म्हणाली. "चांगला दगड घेऊन गेले. फोडताना उडालं ते इथे राहिलं."

भर दुपारी बारा वाजता त्यांनी खड्ड्यावर काळी ताडपत्री ओढली आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. आत दत्ताराम आणि ऋता, गुडघ्यावर, लाल विजेरीच्या उजेडात. मातीच्या कापात पोलादी नळी आडवी धरायची आणि हातोडीने ठोकत आत घालायची. भरली की ओढून काढायची, दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकने बंद करायची. प्रत्येक जागी दोन नळ्या. एक कामाची, एक राखीव. बाहेर लख्ख ऊन, आणि ताडपत्रीखाली घामाचा, मातीचा, उबेचा अंधार. ठोकताना दत्तारामला वाटलं, आपल्याआधी इथे कुणीतरी असंच गुडघ्यावर बसलं असेल. दगडावर दगड असाच वाजला असेल. त्याच्या हातातला ठोका त्याला आपला वाटेना. नळीत माती शिरत होती आणि कुणीतरी आतून ती हळूच धरून ओढतंय असा त्याला भास झाला. ऋताने विचारलं, "काका, दमलात?" तेव्हा तो भानावर आला.

मग मार्चभर खोलीतलं काम चाललं. नळी उघडायची. दोन्ही टोकांची माती बाजूला काढायची, कारण तिला उजेड लागलेला असू शकतो. मधली माती घ्यायची, धुवायची, तिच्यातले बारीक कण पाण्यात बसू द्यायचे, आणि शेवटी शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्यांवर ते पसरायचे. पुढचं काम यंत्राचं. पण चकतीपर्यंतचं सगळं हाताचं होतं, आणि दत्तारामच्या हातांना ते आवडायचं. लाल उजेडात घड्याळ असून नसल्यासारखं. कण पाण्यातून खाली बसताना तो बघत राही. खोलीत वेळ पाण्यासारखा उभा असे. कधी त्याला वाटे आपण स्टुडिओतच आहोत आणि आता या पाण्यातून डोळे वर येतील. कधी वाटे, ट्रेच्या पलीकडे पाठमोरा कुणी बसलाय, उघडा, पाठीवर दगडाची धूळ, आणि तो आपल्या कामात इतका गढलाय की मान वळवायला त्याला सवड नाही. दत्तारामला भीती वाटत नसे. सोबत वाटे.

चौथ्या नळीच्या दिवशी असंच झालं. कण निम्मे बसले होते. आणि ठोक्यांचा आवाज यायला लागला. ठक. मग थोडं थांबून, ठक ठक. दगडावर दगड. तो ऐकत राहिला. किती वेळ, कोण जाणे. भानावर आला तेव्हा तो खोलीत नव्हता, दोन दारांमधल्या बोळात उभा होता, हात भिंतीवर. वरच्या मजल्यावर लाद्या फोडण्याचं काम चालू होतं, हे त्याला बाहेर आल्यावर कळलं. तो परत आत गेला आणि उरलेलं काम नीट पुरं केलं.

एप्रिलच्या सुरुवातीला आकडे आले. पहिली नळी तेहतीस हजार वर्षं. दुसरी एकतीस. तिसरी चौतीस. ऋताचा चेहरा फुलला होता. तीन वेगवेगळ्या खड्ड्यांतली माती एकच गोष्ट सांगत होती. मग चौथीची पाळी आली, आणि यंत्रासमोर ती नुसती बसून राहिली.

"काय झालं?" दत्तारामने विचारलं.

"चौथीत काही नाही, काका. रिकामी आहे. कणात काही साठलेलंच नाही." तिने खुर्ची मागे ढकलली. "कुठेतरी उजेड लागला. खड्ड्यात नसेल लागला, तिथे मी होते."

उरत होती ती ही खोली. दत्ताराम स्टुलावर बसला आणि त्याने त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. ठोके, बोळ, भिंतीवरचा हात.

"आतलं दार मागे लावून मगच बाहेरचं उघडलं का, मला आठवत नाही," तो म्हणाला. "लावलं असेल. पण शपथेवर सांगता येणार नाही."

"आणि तुम्ही हे मला तेव्हा सांगितलं नाहीत."

"नाही."

"तिन्ही आकडे जुळल्यावर हा चौथाच तर महत्त्वाचा होता." ऋताचा आवाज चढला नव्हता, पण त्यातली ओल गेली होती. "बरं. आता सांगितलंत हे बरं झालं. मी ती नळी बाद धरते."

"मी उद्यापासून येत नाही," दत्ताराम म्हणाला. तिने थांबवलं नाही.

घरी आला तेव्हा सुलक्षणा तांदूळ निवडत होती. "आज लवकर इलात?"

"माज्याकडसून चूक झाली," दत्ताराम म्हणाला. "हजारो वर्षांचो काळोख मिया पुसून टाकलंय."

सुलक्षणेने सूप बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दार उघडा ऱ्हवलेला तुमी बघलात?"

"नाय."

"मगे?"

"आठवणा नाय माका."

"आठवणा नाय म्हंजे केलात असा होणा नाय," ती म्हणाली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. पण त्या दिवसापासून तिने दुपारचे पडदे सारले नाहीत.

आठ दिवस दत्ताराम घरातच होता. डोळे मिटले की तो खड्डा दिसायचा, आणि पाठमोरा माणूस आता तिथे नसायचा. त्याची बसायची जागा तेवढी दिसायची, दाबलेल्या गवतासारखी. आपण त्याला उठवलं, असं दत्तारामला वाटे. एवढी वर्षं तो कुणाच्या अध्यात ना मध्यात बसला होता, आणि आपल्या एका तंद्रीपायी त्याला उठावं लागलं.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"राखीव नळी आहे ना चौथ्या खड्ड्याची," ऋता म्हणाली. "ती उघडायचीय. या."

"तू उघड."

"माझे हात बरे नाहीत त्या कामाला, तुम्हाला माहितीय. आणि काका, तुम्हीच उघडायला हवी. मी बाजूला उभी राहीन."

तो गेला. आतलं दार लावलं, ओढून पाहिलं, मोठ्याने म्हणाला, "लागलं." ऋता हसली नाही. तीही म्हणाली, "लागलं." मग नळी उघडली. त्या दिवशी त्याला काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. माती होती, पाणी होतं, त्याचे हात होते. कामाचे सगळे दिवस ऋता भिंतीला टेकून उभी होती. एकदा मध्येच म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं तुम्ही माणसं पाण्यात ठेवता." दत्ताराम म्हणाला, "सगळी नाही. पैसे देऊन फोटो न्यायला आली नाहीत तेवढी." तेव्हा मात्र दोघं हसली.

निकाल आला त्या दिवशी ऋता त्याला न्यायला बोळातच येऊन उभी होती.

"हीसुद्धा तशीच आहे."

दत्ताराम बाहेरच्या दाराकडे वळला.

"नाही, नाही, ऐका. तशीच म्हणजे रिकामी नाही. फार थोडं आहे, पण आहे. म्हणून मी याच खड्ड्याच्या आधीच्या नळीचे उरलेले कण मोजले, सावकाश. त्यातही तेवढंच आहे. मी घाईत शून्य समजून बाजूला ठेवलं होतं. इथे उजेड लागला असता तर शून्यच आलं असतं." तिने श्वास घेतला. "ऐंशी वर्षं, काका. दहा इकडे, दहा तिकडे. उजेड आपल्या खोलीत लागला नाही. तिथेच लागला, डोंगरावर. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी तो खड्डा पुन्हा उघडला आणि परत बुजवला. जुन्याच कपच्या, जुनीच माती, म्हणून आपल्याला काही कळलं नाही."

दत्ताराम आतल्या खोलीत गेला आणि स्टूल ओढून बसला.

"मी तुमच्यावर ढकललं," ऋता म्हणाली.

"तू कुठे ढकललंस. मीच अंगावर घेतलं." मग त्याने विचारलं, "पण खणलं कुणी?"

"तेच कळत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी तिथे काय होतं? नुसतं जंगल."

"जंगलात पण माणसं असतात गं. खाली पाडा आहे ना? कुणाला विचारलंस?"

चार महिने ऋता त्या पाड्यावरून वर चढत होती आणि तिने कुणालाही काही विचारलं नव्हतं.

पाड्यात वारल्यांची वीस-पंचवीस घरं, पत्र्याची आणि कुडाची, आणि मागे गोरेगावचे टॉवर. एका ओट्यावर जानकीबाय बसली होती. पाड्यातली सगळ्यात म्हातारी तीच, असं पहिल्याच घरातून कळलं होतं. मांडीवर हिरव्या करवंदांची पाटी घेऊन ती देठं काढत होती. ऋताने वरच्या खड्ड्यांबद्दल विचारलं. म्हातारीने मान वर न करता म्हटलं, "ती गारीची खान? ती माझ्या बाची."

"तुमच्या बाबांची?"

"बाची. त्याच्या आधी त्याच्या बाची असंल. गार कशाला लागते ठावं हाय?" तिने एका हातात दगड आणि दुसऱ्या हातात लोखंड असल्यासारखं एकमेकांवर घासून दाखवलं. "चकमक. सावरीचा कापूस धरायचा खाली. काड्यापेटी मिलत नव्हती तवा. गोऱ्यांची लढाई चालली हती. मिलाली तरी कोनाला परवडत हती? सगला पाडा बाकडून गार न्यायचा."

"तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

"एवढी." तिने हात जमिनीपासून तीन फुटांवर धरला. "बा खाली उकरायचा, मी वर बसायची पानी घेऊन. सावलीत बस म्हनायचा. मी नाय बसायची, मना खाली काय करतो ते बघायचं असायचं."

"मग खड्डा बुजवला कुणी?" दत्तारामने विचारलं.

जानकीबायच्या हातातलं करवंद तसंच राहिलं.

"आमीच. एक दिस आभाल कोरडं, ढग नाय काय नाय, आन् भुई गडगडली. लय मोठ्यानं. बा झटकन वर आला. आमी उभी ऱ्हायलो, तवर परत गडगडली. दोनदा. बाचं तोंड असं पांढरं. म्हनला, डोंगराला लागलं, आपन लय आत गेलो. आन् माती परत लोटायला लागला, दोनी हातांनी. मी पन लोटली. सूर्य बुडायच्या आधी सगला बुजवला, नारल फोडला. परत कधी खनलं नाय. मग थंडी पडेपर्यंत आमी शेजारनीकडून विस्तव आनायचो."

दत्ताराम ओट्याच्या कडेवर बसला. "आजी, दिवस कुठले होते? उन्हाळ्याचे?"

"कैऱ्या हत्या."

त्याने ऋताकडे पाहिलं. "गोदीतला स्फोट," तो म्हणाला. "चव्वेचाळीस साल, एप्रिलची चौदा. बाबा सांगायचे. लालबागच्या गिरणीत नवे लागले होते, एकोणीस वर्षांचे. दुपारची पाळी होती. खिडक्यांच्या काचा मागावर पडल्या. सगळे म्हणाले जपान आला. आणि दोन स्फोट झाले, मध्ये अर्धा तास. पार लांबपर्यंत आवाज गेला होता."

ऋता वहीत लिहीत होती, तिची पेन्सिल थांबली. तिच्या यंत्राने एवढे महिने झटून दहा इकडे, दहा तिकडे सांगितलं होतं. इथे करवंदं निवडणारी बाई एका दुपारवर बोट ठेवत होती.

"तुमाला कसं कललं, खान परत उघडली हती म्हनून?" जानकीबायने विचारलं. "हिथं तर कोन बोललं नाय."

ऋता सांगायला लागली, पण किरण आणि कण यांच्यात अडखळली. मग दत्तारामने सांगितलं. "आजी, माती उन्हात आली की तिला तेवढं लक्षात राहतं. तू माती लोटलीस ना, त्या दिवशीचं ऊन तिने शेवटचं बघितलं. मग अंधार. ती माती आम्ही काढली आणि तिला विचारलं, किती वर्षं झाली? ती म्हणाली, ऐंशी."

म्हातारीने मान वर केली. "म्हंजे मी तिथं हती, ते मातीला ठावं हाय?"

हो म्हणणं सोपं होतं. दत्तारामच्या तोंडावर आलंही होतं. पण त्याला वाटलं, या बाईशी खोटं बोलू नये. "ऊन होतं एवढं मातीला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तू होतीस ते आत्ता तू सांगितलंस, म्हणून कळलं."

"मंग बरं झालं मी हाय अजून," जानकीबाय म्हणाली आणि बोळक्या तोंडाने मोठ्याने हसली.

"तुझा लहानपणीचा फोटो आहे का?" त्याने सवयीने विचारलं.

"फोटो? पयला फोटो मतदानाच्या कार्डाचा. त्यात मी माझ्या सासूसारकी दिसते." तिने करवंदांची पाटी त्याच्याकडे सरकवली. "बसलास तर देठं काढ."

परत येताना दत्ताराम बसमध्ये खिडकीशी बसला होता. पवईचा तलाव गेला, चढ गेला, त्याला काही दिसत नव्हतं. त्याच्यासमोर ती पोर होती, सावलीत न बसणारी, खड्ड्याच्या काठावर वाकून बघणारी. तिच्या मागे ऊन, एप्रिलचं, चार वाजताचं, कलतं. आणि खाली वाकलेला तिचा बाप, त्याच्याही खाली आणखी कुणीतरी, तेहतीस हजार वर्षांपूर्वीचा, आणि सगळ्यांचे हात एकाच दगडाकडे गेलेले. चौतीस वर्षांत अनेक चेहरे त्याने पाण्यातून वर येताना पाहिले होते. हा चेहरा कुठल्याच कागदावर नव्हता, तरी तो डोळ्यांपासून सावकाश उमटत गेला, आणि विक्रोळीचा पूल येईपर्यंत पुरा झाला.

मे महिन्यात खड्डे बुजवायचे होते. मोजमापं झाली होती, आणि पावसाआधी माती परत घातली नाही तर कडा ढासळल्या असत्या. ऋताने शोधनिबंध लिहायला घेतला होता. चौथी नळी बाद झाली नव्हती. उलट तिच्यासाठी वेगळं पान होतं, आणि त्या पानावर जानकीबायचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि एक तारीख होती. दुसऱ्या एका डोंगरावरच्या नव्या नळ्या जूनमध्ये येणार होत्या. त्या कोण उघडणार, हे तिने दत्तारामला विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

बुजवण्याच्या दिवशी सुलक्षणाही आली. नवरा अंधारात काय करतो ते तिला माहीत होतं; उजेडात काय करतो ते तिला बघायचं होतं. जानकीबाय काठी टेकत वर चढली. येताना तिने नारळ आणला होता. तो फोडल्याशिवाय कुणाला मातीला हात लावू दिला नाही.

दत्तारामने फावडं घेतलं. पण माती तो थेट खड्ड्यात ढकलेना. आधी ती ताडपत्रीवर पातळ पसरायचा, हाताने उलटसुलट करायचा, जरा थांबायचा, आणि मग आत लोटायचा.

"काका, असं केलंत तर संध्याकाळ होईल," ऋता म्हणाली.

"एक-दोन मिनिटं पुरतात म्हणालीस ना?"

"पुरतात."

"मग असू दे की. पुढे कुणी विचारायला आलं, तर सगळ्या कणांनी एकच दिवस सांगितला पाहिजे."

ऋताने चपला काढल्या, ताडपत्रीवर बसली आणि हाताने माती पसरायला लागली. सुलक्षणा म्हणाली, "कुरडयो वाळवतासारखा काय चल्लाहा ह्या," पण पदर खोचून तीही बसली. डोंगरावर वारा नव्हता. गवत पिवळं, आभाळ पांढरं, आणि लाल कपच्या मातीतून मध्येच लकाकत होत्या. दत्तारामला ऊन पाठीवर लागत होतं आणि आज ते टोचत नव्हतं. आपण मातीला ऊन दाखवतोय की उन्हाला माती, हे त्याला नीटसं कळेना. एक घास, मग दुसरा घास, असा खड्डा भरत आला.

जानकीबाय काठावर बसून सगळं बघत होती. सावली पाच पावलांवर होती, पण ती तिकडे सरकली नाही.

"मोठे दगड तलाला टाक रं," ती दत्तारामवर ओरडली. "पाऊस आला की वरची माती जाईल. तुमी शहरातली मानसं, बुजवायचं पन शिकवायला लागतं."

"टाकतो, आजी," दत्ताराम म्हणाला, आणि वाकून दोन्ही हातांनी दगड उचलायला लागला.